डाव्या पंखावरचं ठिगळ

इंग्लंडमधल्या लिंकनशरच्या सपाट माळावरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये दर मंगळवारी काही निवृत्त म्हातारे एक जुनं विमान घासायला जमतात, आणि त्या सगळ्यांना नॉर्मन मॉल्टबी घासतो. वय अठ्ठ्याहत्तर, एकेकाळी हवाई दलात मेकॅनिक. विमान काही पुन्हा उडणार नाही, नुसतं प्रदर्शनात उभं राहणार. पण कुणाला न दिसणारा स्क्रूसुद्धा चुकीचा लागला, तर नॉर्मन आठवडाभर स्वतः झोपत नाही आणि दुसऱ्यालाही झोपू देत नाही.

त्याचं आवडतं गिऱ्हाईक म्हणजे हवाई दलातला जुना सहकारी एरिक पास्क. चौसष्ट साली तळावर एका विमानाच्या पंखाला ट्रॅक्टर धडकला, ठपका एरिकवर आला आणि त्याची बढती गेली. तेव्हापासून पंचावन्न वर्षं नॉर्मन त्याला "ए ट्रॅक्टर!" अशीच हाक मारतो. खरं तर त्या दिवशी ट्रॅक्टरवर नॉर्मन होता. शनिवारी त्याचं लग्न होतं, म्हणून एरिकने सगळं अंगावर घेतलं. हे दोघांनाच ठाऊक. उपकाराची अशी फेड करायला निबर कातडी लागते, आणि ती नॉर्मनकडे भरपूर होती.

विमानाची ओळख काही पटत नव्हती. नंबराची पट्टी गायब, धड एकाचं, शेपटी दुसऱ्याचीच वाटत होती. शेपटीवरचा नंबर कसरती करणाऱ्या नामांकित तुकडीतला, म्हणून मंडळी खूश होती. नॉर्मन मात्र "पुरावा दाखवा" म्हणत पंखाचा रंग खरवडत बसला. राखाडी निघाला, लाल निघाला, चंदेरी निघाला, आणि खाली ठिगळ निघालं. ते त्याने लगेच ओळखलं: चौसष्ट सालचं. इतरांना नियम शिकवणाऱ्या या गृहस्थाने मग गुपचूप त्यावर लांबी भरून ते बुजवलं.

पुढच्या मंगळवारी कागदपत्रं सांभाळणारी मॉरीन जुन्या नोंदीची प्रत घेऊन आली.

"आता दोनच विमानं उरलीत," ती म्हणाली. "एक कसरतीचं. दुसऱ्याच्या डाव्या पंखाला ट्रॅक्टर लागलेला, चालक ई. पास्क. हे तेच असेल तर फलकावर तसंच लिहावं लागेल, एरिक. काय रे नॉर्मन, पंखावर ठिगळ आहे का?"

एरिक चहात बिस्किट बुडवत राहिला.

नॉर्मनने नुसतं 'नाही' म्हटलं असतं तरी पुरलं असतं. विमानाला नाव मिळालं असतं, एरिकची अब्रू वाचली असती आणि पापही झाकलं गेलं असतं. इतकं सोयीचं खोटं आयुष्यात पुन्हा मिळालं नसतं.

"आहे," तो म्हणाला. "मीच बुजवलंय." मग नोंदीच्या प्रतीवर बोट ठेवलं. "आणि नोंदीतलं नाव चुकलंय. ट्रॅक्टर मी चालवत होतो."

मॉरीन पेन शोधू लागली. एरिकने बिस्किट सावकाश संपवलं.

"नीट लिही गं, मॉरीन," तो म्हणाला. "मॉल्टबीसाहेबांना चुका खपत नाहीत."