मिठाचं सिमेंट झालं

मंडळी, आपल्या या ई-मेल कट्ट्यावर कुणाला फोटोग्राफी कळत असेल, तर आजच उत्तर द्या.

ठाण्याच्या खाडीकाठी जनाबाईंचं मिठागर आहे. यंदा त्यांचा शेवटचा हंगाम. भिंतीवर लावायला त्यांना मिठाच्या राशींचा फोटो हवा होता. कॅमेरा घेतल्यापासून मी गावभर ज्ञान वाटतो, म्हणून काम माझ्याकडे आलं. कॅमेऱ्याच्या पुस्तकात सांगितल्याप्रमाणे उजेड मोजणारी सुई बरोबर मध्यावर आणून फोटो काढले.

आज प्रिंट हातात आले. पांढऱ्याशुभ्र राशी सिमेंटसारख्या करड्या.

स्टुडिओवाला म्हणाला, "सुई मध्यावर ठेवलीत, म्हणूनच बिघडलं. पांढऱ्यासाठी लेन्स अजून उघडायची."

आधीच डोळे दिपवणाऱ्या मिठाला आणखी उजेड?

प्रिंट बघून जनाबाई म्हणाल्या, "ह्यो आमचा मीठ नाय. कोनाची रेती काढलीस?" मी स्टुडिओवाल्याचं म्हणणं सांगितलं, तर हसल्या. "मीठ बगायचा तर डोले बारीक करायचे, पोरा."

पंचेचाळिसाव्या वर्षी पोरा.

उद्या सकाळी आठला राशी ट्रकमध्ये भरणार. माझ्या दुसऱ्या रोलवर एकच फोटो शिल्लक आहे आणि दुकानं दहाला उघडतात. ऐकू कुणाचं? पुस्तकाचं, स्टुडिओवाल्याचं, की जनाबाईंचं?