भाजलं की लाल नळ

"ड्राय गँग्रीन," सर्जन म्हणाले आणि त्यांनी माझ्या उजव्या हाताच्या शेवटच्या तीन बोटांवर पेनाने टकटक केली. लाकडावर वाजावं तसं वाजलं. मला काहीच लागलं नाही. ड्राय गँग्रीन म्हणजे रक्त न पोहोचल्याने मेलेला, वाळून काळा पडलेला भाग. "ही तीन जाणार, हबीबती. कधी, ते बघू. घाई नाही." हबीबती म्हणजे अरबीत लाडके.

मी समोरचा स्टीलचा ट्रे डाव्या हाताने उचलून फेकला. तो त्यांच्या कानाजवळून जाऊन भिंतीवर आदळला. नेम भिंतीवर होता की त्यांच्यावर, हे मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही. ते शांतपणे खाली वाकले, ट्रे उचलला आणि म्हणाले, "डावा हात छान आहे."

ही २००२ सालची गोष्ट. मी वीस वर्षांची होते. दुबईत अल मनखूलला आमचं घर, तिथेच वाढले. बाबा फुजैराच्या बंदरात जहाजांना इंधन पुरवणाऱ्या कंपनीत होते, गुरुवारी संध्याकाळी घरी यायचे. बाकी आठवडाभर मी आणि आई. दोघी तापट, त्यामुळे घरात भांड्याला भांडं रोजच लागायचं.

आदल्या ऑगस्टमध्ये मी एक्स्चेंज स्टुडंट म्हणून वर्षभरासाठी फिनलंडला गेले होते. त्याआधी मी कधी एकटीने रस्ता ओलांडला नव्हता म्हटलं तरी चालेल. दुबईत कॉलेज, क्लास, मैत्रीण, सगळीकडे कुणीतरी गाडीने सोडायचं. तिथे मी जुनी सायकल घेतली, पडत-धडपडत शिकले, दुपारी तीनला अंधार पडला तरी एकटी लायब्ररीतून परत यायला लागले. चार मुलींत एक स्वयंपाकघर होतं. कुणी कुणाला फार विचारायचं नाही. सुरुवातीला ते टोचलं, मग आवडायला लागलं. मी तिथे खूश होते, हे मुद्दाम सांगते, कारण नंतर सगळे म्हणाले की त्या देशानेच पोरीचं वाटोळं केलं. वाटोळं माझ्या रागाने केलं.

जानेवारीतली संध्याकाळ होती, उणे अठ्ठावीस. सायकलचं कुलूप गोठलं होतं. किल्ली फिरेना म्हणून मी हातमोजे काढले. शहाणं माणूस सायकल तिथेच सोडून चालत गेलं असतं. मी कुलपाशी भांडले. ओढलं, फुंकलं, लाथा घातल्या, सायकल आडवी पाडून तुडवली, मराठीत शिव्या दिल्या. अर्धा तास. मग दमून खोलीवर आले तेव्हा बोटं मेणासारखी पांढरी होती आणि किल्ली तळहाताला चिकटली होती. ओढली तर कातडीसकट निघाली.

आत उबेला आल्यावर हात पेटले. फ्रॉस्टबाइट म्हणजे हिमदंश, आत मांसातलं पाणी गोठतं, आणि ते वितळायला लागलं की आग होते. आणि आग झाली की काय करायचं, हे मला लहानपणापासून पाठ होतं. आखातात राहिलेल्यांना वेगळं सांगायला नको. उन्हाळ्यात गच्चीवरची टाकी तापते आणि गार नळाला उकळतं पाणी येतं. म्हणून मे महिन्यात गीझर बंद करायचा. गीझरमधलं पाणी घरातल्या एसीने गार राहतं, आणि ऑक्टोबरपर्यंत गार पाणी हवं असेल तर गीझरचा लाल नळ सोडायचा. सीटबेल्टच्या बकलने भाजलं, बाल्कनीच्या कठड्याने भाजलं, की आईची आरोळी ठरलेली: "भाजलं? लाल नळ!"

मी धावत बाथरूममध्ये गेले आणि लाल नळ पूर्ण सोडला. इथे लाल नळाला खरंच कढत पाणी येतं, हे डोक्यात आलंच नाही.

आधी गारच पाणी आलं. मी डोळे मिटून भिंतीला डोकं टेकून रडत उभी राहिले. पाणी कधी उकळीचं झालं ते बधिर बोटांनी सांगितलंच नाही. उजवा हात धारेखाली होता, डावा मी काखेत दाबला होता, म्हणून तो वाचला. शेजारच्या खोलीतली आयनो वाफ बघून आली आणि मला केसांना धरून मागे ओढलं. तेव्हा मी हाताकडे बघितलं. कातडी मोज्यासारखी सुटून बेसिनमध्ये लोंबत होती.

तिथला डॉक्टर सावकाश इंग्रजीत म्हणाला, "एकाच संध्याकाळी गोठलेला आणि भाजलेला हात मी पहिल्यांदा बघतोय." दहा दिवसांनी मला दुबईच्या विमानात बसवलं.

मग दुबईच्या हॉस्पिटलात सुरू झालं थांबणं. मेलेलं कुठे संपतं आणि जिवंत कुठे सुरू होतं, ती रेघ स्पष्ट व्हायला आठवडे लागतात. तिला डीमार्केशन म्हणतात. एक दिवसाआड डिब्राइडमेंट, म्हणजे मेलेली कातडी खरवडून, कापून काढणं. त्याच्या आधी इंजेक्शन देत, पण ते वेदनेच्या पायाशीही पोचायचं नाही. मी सिस्टर लिसीच्या पोटात लाथ मारली आहे. एका वॉर्डबॉयच्या मनगटाला चावले आहे, रक्त येईपर्यंत. पलंगाच्या कठड्यावर डोकं आपटून घेतलं आहे. हे लिहायला लाज वाटते, पण ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांना कळावं म्हणून लिहिते: वेदना माणसाला सोशिक वगैरे बनवत नाही. मला तिने जनावर बनवलं.

आई माझा खांदा धरून उभी राहायची. एका सकाळी तर्जनी खरवडत असताना मी सुटले आणि तिच्या तोंडावर मारलं. ओठ फुटला.

"मम्मी को मत मारो, मोळे," सिस्टर लिसी ओरडली. मोळे म्हणजे तिच्या मल्याळममध्ये मुली.

"मारू दे," आई म्हणाली. "मला मार, मनू. सिस्टरला नको."

"डोन्ट टच मी!" मी किंचाळले. "यू डिड धिस! लाल नळ, लाल नळ! तू शिकवलंस! तूच माझी बोटं खाल्लीस!"

आईने पदराने ओठ पुसला आणि माझा खांदा पुन्हा धरला.

सहाव्या आठवड्यात ताप चढला. बोटांना गोडसर कुजका वास यायला लागला आणि मनगटाकडे एक लाल रेष सरकताना दिसली. सर्जन आले, वास घेतला, खुर्ची ओढून बसले. "आता हे वेट गँग्रीन आहे. इन्फेक्शन शिरलंय. आज ऑपरेशन केलं तर तीन बोटं जातील, तर्जनी वाचेल, इन्शाल्ला. अंगठा आणि तर्जनी असली की हात हात राहतो. उद्या तर्जनीची खात्री नाही. परवा मनगट."

मी नाही म्हटलं. अनामिका आतून हलते असं मला वाटायचं, ती परत येईल अशी माझी खात्री होती. बाबा फुजैराहून निघाले होते. फोनवर ते रडत "बेटा, प्लीज" एवढंच म्हणत राहिले. मी फोन आपटला.

तेवढ्यात आई आली. घरून डबा घेऊन यायला तिला त्या दिवशी उशीर झाला होता. डबा उजव्या हातात होता आणि डावा ओढणीत गुंडाळलेला.

"तेल उडालं," ती म्हणाली.

सिस्टर लिसीने ओढणी सोडली. मनगटापासून बोटांपर्यंत एकसारखी लाल, फोडांनी भरलेली कातडी, आणि वर सरळ कडा. तेल असं उडत नाही. सहा आठवडे भाजलेली कातडी बघून मला तेवढं कळत होतं. फेब्रुवारी संपत होता, घरात गीझर चालू होता.

"किती वेळ?" मी विचारलं.

"दहापर्यंत मोजायचं होतं," आई म्हणाली. "आठलाच हात ओढला. तुला किती लागलं ते बघायचं होतं गं. तुझ्यासारखं नाही जमलं."

मला तिचा जितका संताप आला तितका आजवर कशाचाच आला नाही. वेडी, मूर्ख, काय काय बोलले. दुसरा ट्रे हाताशी होता, तोही उचलला. पण ती हात पुढे करून तशीच उभी होती, फेक म्हणत. आणि मला भीती वाटली. बोटांची नाही. मी आणखी थांबले तर ही बाई आणखी काय करेल याची.

मी ट्रे खाली ठेवला. "डॉक्टर, आजच करा," म्हटलं. फॉर्मवर डाव्या हाताने वेडीवाकडी सही केली. सिस्टर लिसीने आम्हा दोघींचे हात एकाच टेबलावर घेतले आणि एकदमच धुतले. आई कळवळली तेव्हा तिला धरायला मी होते. "यल्ला, चला," सर्जन दारातून म्हणाले.

तीन बोटं गेली. तर्जनी वाचली. नसलेली करंगळी पुढे दोन वर्षं दुखली, त्याला फँटम पेन म्हणतात, आणि ते खरंच असतं. कुणी नाटक म्हटलं तर ऐकू नका. थंड देशात शिकायला जाणाऱ्या आखाती पोरांना मी एवढंच सांगते: बोट गोठलं तर चोळू नका, कोमटच पाण्यात धरा, आणि ते पाणी दुसऱ्या कुणालातरी कोपराने बघायला सांगा. आपल्या हातावर त्या वेळी विश्वास ठेवू नका. रागावर तर मुळीच नको.

ज्या सर्जनवर मी ट्रे फेकला, जिच्या पोटात लाथ मारली ती सिस्टर, ज्याला चावले तो वॉर्डबॉय, या तिघांची मी नंतर माफी मागितली. आईची मागायला जमलं नाही. दोन-तीनदा तोंड उघडलं, तिने प्रत्येक वेळी चहाचं विचारलं.

तिच्या डाव्या हाताची कातडी अजून चकचकीत आणि ओढल्यासारखी आहे. लग्नाकार्यात आम्ही शेजारी बसलो की कुणीतरी नवखी बाई एकदा माझ्या हाताकडे बघते, एकदा तिच्या, आणि हळूच विचारते, "दोघी एकाच आगीत सापडलात का हो?"

आई म्हणते, "हो."