मरीन परेडहून आलेली बॅग

बॅग उघडली आणि भपकारा नाकात गेला, तेव्हाच मी चेन परत लावून टाकायला हवी होती. डांबरगोळ्या, बुरशी, कुणाच्या तरी घामाचा आंबूस वास आणि त्यावर शिंपडलेला परफ्यूम. शी! मुलगी अभ्यास सोडून बाहेर आली, नाक धरून म्हणाली, "ममा, सो स्मेली ला!" आणि आत जाऊन तिने दार लावून घेतलं.

सिंगापूरच्या आमच्या मराठी मंडळींत ही बॅग फिरत असते. इथे बारा महिने घाम, मग जाकिटं, लोकरी टोप्या, बर्फातले बूट विकत घेणार कोण? कुणी तरी कधी तरी घेतलेलं सगळं एका भल्यामोठ्या बॅगेत जमा झालंय, आणि जो थंडीच्या देशात निघतो त्याच्याकडे ती जाते. सांभाळतात मरीन परेडच्या एक ताई. कॉन्डो असा की खिडकीतून समुद्र दिसतो, पण बॅग बॉम्ब शेल्टरमध्ये. म्हणजे इथल्या घरांत असते ती जाड लोखंडी दाराची, बिनखिडकीची खोली. युद्ध झालं तर जीव वाचवायला, तोवर अडगळ कोंबायला. नियम एकच, वापरून झालं की ड्रायक्लीन करून परत करायचं. सगळे करतात, असं सगळे म्हणतात. मी ज्या जाकिटाच्या खिशात हात घातला त्यात कुणी तरी नाक शिंकरलेला टिश्यू वाळून कडक झाला होता. मी तीनतीनदा हात धुतले तरी बोटांना तो लागल्यासारखाच वाटत राहिला.

"अगं, सगळं ब्रँडेड आहे," ताई फोनवर म्हणाल्या. "आणि ते पुरुषांचे बूट बघितलेस ना? कुणी फारसे घातलेच नाहीत. कोरे करकरीत."

बूट खरंच कोरे दिसत होते. बाबांच्या पायाला बरोबर बसलेही. मी म्हणत होते, नवे घेऊ. पण बाबा कसले ऐकतात! "दोन दिवसांसाठी बूट? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" विषय संपला.

हा सगळा खटाटोप बाबांसाठीच चालला होता. आई गेल्यावर ते सांगलीचं घर बंद करून आमच्याकडे वुडलँड्सला आले. त्यांना आयुष्यात एकच गोष्ट बघायची राहिली होती, पडणारा बर्फ. खूप वर्षांपूर्वी आईबरोबर मनालीला गेले होते, ते मे महिन्यात. तिथे भाड्याचा केसाळ कोट, भाड्याचे गमबूट आणि घोड्यांनी तुडवलेला काळा चिखल. "पडलेला बर्फ काय, कुल्फीवाल्याकडेही असतो," ते म्हणायचे. "पडताना बघायचाय." आणि मला? मला बर्फाचं काडीचं कौतुक नाही. मला बघायचा होता तो पडताना बघणाऱ्या बाबांचा चेहरा. आई गेल्यापासून त्या चेहऱ्यावर काही हललेलं मी पाहिलं नव्हतं.

नवऱ्याची सोमवारी हेलसिंकीत मीटिंग निघाली. भर जानेवारीत. म्हटलं, शनिवार-रविवार आपणही जोडून घेऊ. मुलीला यिशुनला मैत्रिणीकडे सोडलं आणि निघालो.

काय ते शहर! लोक फोटो टाकतात ना, दिवे, मेणबत्त्या, लाल गालांची मुलं? सगळं झूट. दिवस उजाडतच नव्हता, उजाडला तो मळकट फडक्यासारखा. रस्त्याच्या कडेला बर्फाचे ढीग होते, पण काळे, खडी आणि मीठ मिसळलेले, त्यांत सिगारेटची थोटकं आणि कुत्र्यांच्या मुताचे पिवळे डाग. मधे सगळा वितळत्या बर्फाचा गार गिलावा. तो बुटांवर, पँटवर, हॉटेलच्या गालिच्यावर. नाश्त्याला सकाळी सकाळी व्हिनेगरमध्ये बुडवलेला कच्चा मासा. त्या वासाने मी टेबलावरून उठले. बाबांनी कुणी तरी प्रेमाने दिलेली काळी गोळी तोंडात टाकली आणि लगेच हातावर थुंकली.

"अगं, हा नवसागर आहे! कल्हईवाले वापरतात तो! हे लोक खातात?"

मी हसले नाही. मला त्या अंगातल्या जाकिटाची इतकी किळस येत होती की हसू फुटेना. ट्रॅममध्ये गरम हवा सोडली की त्याचा वास जागा व्हायचा आणि शेजारची माणसं हळूच सरकायची. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

दुपारी ट्रॅममधून उतरताना बाबा अडखळले. मागे वळून बघितलं तर पायरीवर काळा चुरा पडला होता, शिळ्या केकसारखा. पुढच्या पावलाला आणखी. मग उजव्या बुटाचा अख्खा तळवा सुटून गिलाव्यात पडला आणि बाबा मोज्यावर उभे. आमच्या दमट हवेत न घालता नुसते कोंडून ठेवलेले बूट आतून कुजतात, वरून कोरेच्या कोरे राहतात. हे आमच्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे. प्रत्येकाच्या शू-रॅकमध्ये एक तरी जोडी अशी गेलेली असते! तरीही एकालाही सुचलं नाही, मला धरून, की एकदा वाकवून बघावं.

"भंगलं पादत्राण," बाबा म्हणाले. नवऱ्याने मोज्यावर प्लॅस्टिकची पिशवी चढवून गाठ मारली आणि लोक बघत असताना आम्ही त्यांना लंगडत लंगडत हॉटेलवर आणलं. पाय बर्फासारखे गार पडले होते. मी ते चोळत बसले आणि मरीन परेडच्या ताईंना मनातल्या मनात जे काही म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

रविवारी रात्रीचं आमचं परतीचं विमान होतं. सकाळी मी म्हटलं, आता मी तुमचं एक ऐकणार नाही, बूट आणते. नवरा खोलीत मीटिंगची तयारी करत होता. बाबा कागदी सपाता घालून खाली हॉटेलच्या दाराशी बसले. दुकान जमिनीखालच्या बाजारात, वर आकाश आहे की नाही तेही कळत नव्हतं. मी एकेक बूट उचलून वाकवला, हुंगला, तळवा नखाने कुरतडून बघितला. विकणारी मुलगी माझ्याकडे वेड्या बाईकडे बघावं तशी बघत होती. बघू दे! यावेळी मला खात्रीचेच हवे होते.

बाहेर आले तर भुरभुर पाऊस. गिलावा आणखी पातळ झालेला. खोकं पोटाशी धरून मी परत आले.

बाबा आत नव्हते. दाराबाहेरच्या बाकावर बसले होते, सपातांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधून. केस ओले, खांदे ओले.

"पडला गं," ते म्हणाले.

"काय पडला?"

"बर्फ. तू गेलीस आणि थोड्या वेळाने सुरू झाला. आवाजच नाही! मला वाटलं कानांत दडे बसले. मोठे मोठे, कापूस पिंजल्यासारखे. मग पाऊस लागला आणि थांबला." ते माझ्याकडे बघून म्हणाले, "तू असायला हवी होतीस."

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. नेहमीचाच होता. जे काय उमटलं असेल ते उमटून गेलं होतं. बघितलं कुणी, तर रस्त्यावरून जाणाऱ्या त्या परक्या माणसांनी, ज्यांना त्याचं काही नव्हतं. मला त्या शहराचा, त्या बॅगेचा, हातातल्या खोक्याचा इतका वीट आला की तिथेच सगळं फेकून द्यावंसं वाटलं. बाबांनी मात्र मला बरं वाटावं म्हणून ते बूट घातले आणि पावसात इकडून तिकडे चालून दाखवलं.

परत आल्यावर मी सगळं ड्रायक्लीन करून बॅग पाठवली. दुसऱ्या दिवशी ताईंचा फोन.

"अगं, बूट कुठेयत?"

"कुजले होते. फेकले."

"अगंबाई! मग तू नवे घेतलेस ना, ते टाक की त्यात. तुम्हाला इथे काय उपयोग?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी फोन ठेवला. बाबा शेजारीच पेपर वाचत होते.

"देऊन टाक गं," ते म्हणाले. "मला काय करायचेत? माझं बघून झालं."

मी दिले नाहीत. बूट माझ्याच बॉम्ब शेल्टरमध्ये आहेत, पण कोंडून नाही. मधूनमधून ते बाहेर काढते, बाबांच्या पायांत घालते आणि त्यांना घरातल्या घरात चार फेऱ्या मारायला लावते. एवढ्या उकाड्यात कशाला, म्हणून ते कुरकुरतात. मग मी बूट उलटे करते, तळवे वाकवून बघते. अजून घट्ट आहेत.