नॉर्मल नंजय्याचा तिसरा ठोका

मैसूरच्या अलीकडे एका गावात मेडिकल कॉलेज निघालं, तेव्हा शरीरक्रिया विभागाचे पहिले प्रोफेसर अनंतपद्मनाभ यांना एक निरोगी माणूस हवा होता. आजारी शरीर कळण्याआधी मुलांना निरोगी शरीर कळलं पाहिजे, असा त्यांचा आग्रह. आणि तो रास्तही होता. त्यांनी गावभर चौकशी केली आणि गरडीतून, म्हणजे तांबड्या मातीच्या तालमीतून, नंजय्याला उचलून आणलं. यातला ‘उचलून’ हा शब्द लाक्षणिक समजावा. नंजय्याला खरोखर उचलू शकेल असा माणूस त्या तालुक्यात असल्याचं कुणाला आठवत नाही.

नंजय्या शिपाई म्हणून लागला. बाटल्या धुणं, बेडकांना पाणी घालणं, फळा पुसणं ही त्याची रोजची कामं. त्याचं खरं काम मात्र वर्षातून एकदा, नव्या मुलांच्या पहिल्या प्रात्यक्षिकाला. त्या दिवशी तो सदरा काढून उंच स्टुलावर बसायचा आणि प्रोफेसर त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, “बघा. हा नॉर्मल.”

मग पोरं एकेक करून त्याची नाडी मोजत, गुडघ्यावर हातोडी मारत, छातीला नळी लावत. तेव्हापासून कॉलेजात त्याला कुणी नुसतं नंजय्या म्हटलं नाही. तो नॉर्मल नंजय्या झाला. गल्लीत कुणाच्या पोराला कणकण वाटली, तर आई आधी नंजय्याच्या कपाळाला हात लावायची आणि मग पोराच्या. त्याची बायको जवरम्मा तेवढी या पदवीबद्दल साशंक होती.

“नॉर्मल माणूस एका बैठकीला चार मुद्दे खातो होय?” नाचणीचा चौथा गोळा, म्हणजे चौथा मुद्दा, ताटात आदळत ती विचारायची.

“पुस्तकात बघ. मुद्द्यांबद्दल काही लिहिलेलं नाही.”

प्रोफेसर निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी धारवाडकडच्या डॉक्टर वारिजाबाई आल्या. वय तिशीच्या आत, आवाज हळू आणि सवय वाईट: कोणतीही गोष्ट स्वतः तपासल्याशिवाय मान्य करायची नाही. पहिल्या प्रात्यक्षिकाला महिना असताना त्यांनी नंजय्याला स्टुलावर बसवलं. बराच वेळ ऐकलं. मग नळी काढून तिच्यातच काही बिघाड आहे का ते पाहिलं, आणि पुन्हा ऐकलं.

“नंजय्या, जिना चढताना धाप लागते?”

“जिन्याला लागत असेल, मॅडम. मला नाही.”

“पाय सुजतात?”

“गरडीतल्या पोरांचे सुजतात. मी धरल्यावर.”

“तुमची नाडी पन्नास आहे.”

“दरवर्षी तेवढीच असते.”

“बहात्तरच्या आसपास असायला हवी.”

“कुणाची?”

“नॉर्मल माणसाची.”

“मग मी कोण?”

वारिजाबाईंनी सरळ सांगितलं. छातीत दोन ठोके ऐकू यायला हवेत. त्याच्या छातीत त्यांच्यामागून हलका तिसराही येतो. विशीच्या पोरांत, खेळाडूंमध्ये तो चालतो. चाळिशी उलटल्यावर ऐकू आला, तर कधीकधी त्याचा अर्थ हृदय थकत चाललंय असा असतो. कधीकधी. म्हणून तपासायला हवं.

नंजय्याला त्यातला ‘थकत’ ऐकू आला. ‘कधीकधी’ दोनदा उच्चारला गेला होता, तरी तो एकदाही त्याच्या कानांपर्यंत पोचला नाही.

तो तडक प्रोफेसरांच्या घरी गेला. त्यांनी कानामागे हात धरून सगळं ऐकलं, म्हणजे ऐकल्यासारखं केलं.

“तीन? मला तर दोनच ऐकू यायचे,” ते म्हणाले. मग जरा विचार करून म्हणाले, “शेवटी शेवटी तर एकच.”

कोडं असं सुटलं. पोरांना तीन ऐकू येत होते, पण प्रोफेसरांच्या कानांवर शंका घेणं हा त्या कॉलेजात शिस्तभंग होता. सारांनी, म्हणजे सरांनी, नॉर्मल म्हटलं म्हणजे तीन नॉर्मल. तिथून पास झालेली कित्येक मंडळी भोवतालच्या तालुक्यांत दवाखाने थाटून बसली होती आणि, असं म्हणतात, दोनच ठोके देणाऱ्या धडधाकट शेतकऱ्यांना हृदयाचं टॉनिक लिहून देत होती. याला पुरावा नाही. बाजारपेठेतला औषधवाला मात्र नंजय्या दिसला की उठून उभा राहायचा, हे सर्वांनी पाहिलेलं आहे.

औषधवैद्यक विभागात नंजय्याच्या छातीचा फोटो काढला. “हृदय थोडं मोठं आहे. नजर ठेवू,” तिथले डॉक्टर म्हणाले आणि जेवायला गेले.

त्या दिवसापासून नंजय्या आजारी पडला.

आधी तालीम बंद झाली. मग जवरम्माने मुद्दे बंद करून तांदळाची पातळ गंजी सुरू केली, कारण शेजारच्या म्हातारीने तसं सांगितलं होतं. गंजीवर दिवस काढल्यामुळे त्याच्या पायांतलं बळ गेलं. पायांतलं बळ गेलं हे हृदय थकल्याचं लक्षण ठरलं. म्हणून गंजी आणखी पातळ झाली. एके काळी पिंपासकट पाणी वर नेणारा माणूस जिन्याच्या पहिल्या वळणावर थांबून कठडा धरू लागला. रात्री उशीला कान लावून तो तिसऱ्या ठोक्याची वाट पाहायचा आणि तो आला की दचकायचा. गल्लीतल्या बायांनी त्याच्या कपाळाला हात लावणं सोडलं. त्याला सर्वांत जास्त लागलं ते हेच.

इकडे वारिजाबाईंनी नवा नॉर्मल शोधायला घेतला. त्यांनी कॉलेजातल्या झाडून सगळ्यांना तपासलं. कुणाची नाडी जलद, कुणाचा दाब चढा, कुणाचं रक्त पातळ. पुस्तकातल्या एकूणएक आकड्यांशी तंतोतंत जुळला तो फक्त एक माणूस: स्टोअरकीपर रुद्रमूर्ती.

रुद्रमूर्ती म्हणजे कॉलेजातला सर्वांत आजारी माणूस. उन्हाळ्यातही त्याच्या गळ्यात मफलर असायचा. सकाळी डोकं, दुपारी पोट, संध्याकाळी पाठ असा त्याचा दिनक्रम. त्याला नॉर्मल ठरवण्यात आल्याची बातमी त्याने उभ्याने ऐकली आणि मग तो मटकन खाली बसला.

दुसऱ्या दिवशी स्टोअरच्या काळोखात, फुटक्या चंबूंच्या आडोशाला, दोघे भेटले.

“माझा संसार उधळला, नंजय्या,” रुद्रमूर्ती म्हणाला. “काल बायकोनं मला दळण आणायला पाठवलं. मला! सासूबाई म्हणतात, डॉक्टरणीनंच सांगितलंय काही झालेलं नाही म्हणून.”

“तुम्हाला दळण तरी झेपतं, मूर्ती सार. माझ्या हातातून घरात तांब्याही काढून घेतात.”

“पण मला खरंच होतं रे! डोकं दुखतं म्हणजे दुखतंच. आकड्यात दिसत नाही, हा काय माझा दोष?”

“आणि मला काही होत नव्हतं. आकड्यात दिसलं आणि व्हायला लागलं.”

दोघे काही वेळ एकमेकांचं दुःख हेव्याने न्याहाळत राहिले. मग रुद्रमूर्तीच्या डोक्यात कल्पना आली. त्याचं डोकं न दुखण्याची ती त्या आठवड्यातली बहुधा एकमेव वेळ असावी.

“प्रात्यक्षिक तिसऱ्या मजल्यावर आहे ना? मी ऐन वेळी जिना धावत चढतो आणि धापा टाकत स्टुलावर बसतो. नाडी शंभराच्या वर. सगळ्या पोरांदेखत मी नॉर्मल नाही हे सिद्ध! मग बाईंना तुझ्याशिवाय आहे कोण?”

ठरल्या दिवशी दोघे जिन्याच्या पायथ्याशी आले. रुद्रमूर्तीने हॉटेलातून तीन पेले कडक कॉफी ढोसून तयारी केली होती. वर पोरं जमली होती, घंटा व्हायला आली होती. रुद्रमूर्तीने मफलर आवळला, धाव घेतली आणि पहिल्या वळणावर बसकण मारली.

“गुडघा गेला.”

“उठा सार! तुम्ही नॉर्मल आहात!”

“शिव्या देऊ नकोस. गुडघा गेला म्हणजे गेला.”

वर घंटा झाली. नंजय्याला एवढंच दिसलं की हा माणूस इथे बसला, तर वारिजाबाई उद्या आणखी कुणालातरी शोधतील आणि स्टूल कायमचं जाईल. पुढे काय झालं ते त्याने विचार करून केलं नाही. त्याने खाली वाकून रुद्रमूर्तीला तालमीतल्या पोराला उचलावं तसं खांद्यावर घेतलं आणि जिना धरला. पहिला मजला गेला, दुसरा गेला. रुद्रमूर्ती खांद्यावरून ओरडत होता, “सावकाश, तुला हृदय आहे रे!” तिसऱ्या मजल्याचं दार नंजय्याने पायाने लोटलं आणि सगळ्या वर्गासमोर स्टोअरकीपरला अलगद स्टुलावर ठेवलं.

वारिजाबाईंनी आधी रुद्रमूर्तीची नाडी धरली. तो पालखीतून आल्यासारखा आला होता. कॉफीनेही त्याच्यावर काही परिणाम केला नव्हता.

“बहात्तर,” त्या म्हणाल्या.

रुद्रमूर्तीच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग त्यांनी नंजय्याचा हात धरला, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि तसाच धरून ठेवला. सुरुवातीला नाडी उधळलेली होती. बघता बघता ती खाली आली. नंजय्या नाकाने शांत श्वास घेत होता आणि आपल्याला धाप लागायला हवी होती, हे त्याला तेव्हा कुठे आठवलं. गडबडीने त्याने छातीवर हात नेला.

“आता कशाला?” वारिजाबाई म्हणाल्या. त्यांना हसू आवरत नव्हतं. “थकलेलं हृदय माणूस खांद्यावर घेऊन तीन मजले चढत नाही, नंजय्या. तुमचं मोठं झालंय ते कमावून. दंड मोठा होतो तसं. हे मी महिन्यापूर्वी विचारायला हवं होतं. गरडीत काय करता, एवढंच.” आणि स्वभावाला जागून लगेच म्हणाल्या, “तरी मैसूरला मोठ्या डॉक्टरांना दाखवून घेऊ. आणि जिन्यावर असला प्रयोग पुन्हा नको.”

पुढच्या बाकावरच्या मुलीने हात वर केला. “मॅडम, मग यातला नॉर्मल कोण लिहायचं?”

“मूर्तींसारखे आकडे जास्त लोकांत सापडतात, म्हणून नॉर्मल ते लिहा. निरोगी नंजय्या लिहा. प्रोफेसरांना हवा होता निरोगी माणूस. ते त्याला नॉर्मल म्हणून बसले आणि आपण सगळे तेच घोकत राहिलो.”

“आणि मी?” रुद्रमूर्ती स्टुलावरून क्षीण आवाजात म्हणाला. “मला जे होतं ते?”

“ते तुम्हाला होतं, हे खरंच आहे. आकडे काही म्हणोत. वर्ग संपला की बसा, कधीपासून, कुठे, सगळं सांगा.”

रुद्रमूर्तीने सांगितलं. वारिजाबाई त्या दिवशी जेवायला गेल्या नाहीत, कारण तो संध्याकाळच्या पाठीपर्यंत पोचेस्तोवर खानावळ बंद झाली होती. इतकं त्याचं कुणी कधी ऐकून घेतलं नव्हतं. सासूबाईंना त्याने नंतर सांगितलं की डॉक्टरणीने शब्द मागे घेतला.

मैसूरचे मोठे डॉक्टर वारिजाबाईंसारखंच म्हणाले. जवरम्माने ते ऐकून घेतलं, गंजीचं पातेलं म्हशीपुढे रिकामं केलं आणि चुलीवर आधण ठेवलं.

“किती करू?”

“नॉर्मल माणसाला लागतात तेवढे नकोत,” नंजय्या म्हणाला. “पाच कर.”

त्या वर्षापासून प्रात्यक्षिकाला दोन स्टुलं मांडतात. एकावर मफलर, दुसऱ्यावर नंजय्या. पोरं आधी दोन ठोके ऐकतात, मग तीन. औषधवाल्याने मात्र उठून उभं राहणं सोडून दिलं आहे.

पूर्वी पाहुण्यांना नंजय्या छाती पुढे काढून सांगायचा, “मी इथला नॉर्मल.” हल्ली तो रुद्रमूर्तीकडे बोट दाखवतो.

“नॉर्मल ते. मी नुसता निरोगी.” आणि मग आवाज खाली आणून, खऱ्याखुऱ्या कणवेने म्हणतो, “सांभाळून बोला हं त्यांच्याशी. बहात्तर आहे बिचाऱ्यांची.”