वच्छलाबाईंचे दोन डबे

आमच्या सक्करदऱ्याच्या कोष्टी गल्लीत वच्छलाबाई पोरांना इंग्रजी शिकवायच्या. घरीच, शाळा सुटल्यावर. शब्दांचे ढीग पाठ करवणं त्यांना पटत नसे. त्यांचे मालक नत्थूजी विणकर. ते म्हणायचे, "सुताचा गुंता झाला का आधी रंग वेगळे कर." बाईंनी शब्दांचं तेच केलं. पुठ्ठ्याच्या चिठ्ठ्यांवर शब्द लिहिले आणि बिस्किटांचे दोन डबे मांडले. एकात श्वास घेणारे, दुसऱ्यात न घेणारे. पोरानं चिठ्ठी वाचायची, अर्थ सांगायचा, मग डब्यात टाकायची. 'काऊ' इकडे, 'टेबल' तिकडे.

नत्थूजी जाऊन तीन वर्षं झाली होती. 'हजबंड' मात्र श्वासाच्याच डब्यात होता. मी शेजारीण, रोज बघायचे. बोलले कधी नाही.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात बाईंनी ठरवलं, नत्थूजींचा हातमाग तोडून त्याच्या लाकडाची पोरांना बाकं करायची. रविवारी लहानू सुतार येणार होता. त्याच आठवड्यात 'लूम'ची चिठ्ठी श्वासाच्या डब्यात निघाली.

"हा माग इकडे कोणी टाकला रे?"

"म्या नाई," पंचफुला म्हणाली. "पन बरोबरच हाय नं बाई. दसऱ्याले आमी मागाले झोपवतो, पाय लागला तं पाया पडतो. मंग तो निर्जीव काहून?"

पोरं खिदळली. "इंग्रजीत माग झोपत नाही वं," म्हणत बाईंनी चिठ्ठी दुसऱ्या डब्यात टाकली. दुसऱ्या दिवशी ती परत श्वासाच्या डब्यात. मग डबे ट्रंकेत गेले, ट्रंकेला कुलूप लागलं, किल्ली बाईंनी माझ्या पदराला बांधली.

शनिवारी दुपारी बाईंसमोर मीच कुलूप काढलं. 'लूम' 'हजबंड'च्या पाठीला चिकटला होता. सुताला लावतात त्या खळीनं. बोट लावलं तर खळ ओली. त्या घरात तीन वर्षांत खळ शिजली नव्हती.

मी रामरक्षा म्हणतच घरी आले.

रविवारी लहानू करवत घेऊन आला, तर बाई मागाच्या खड्ड्यात पाय सोडून नत्थूजींच्या जागी बसलेल्या.

"उठा बाई, मले अजून दोन कामं हायेत."

"परत जाय, लहानू."

"मंग बाकं?"

"पोरं खालीच बसतीन. इतके दिवस बसलीच नं."

"आधीच सांगतलं असतं तं उन्हातानाची पायपीट वाचली असती," असं पुटपुटत तो गेला. चिकटलेल्या चिठ्ठ्या बाईंनी पुढंही कधी सोडवल्या नाहीत.

त्या रविवारी बाई खड्ड्यातून वर आल्या तेव्हा त्यांच्या तळपायांना ओली खळ लागलेली होती. मी वाकून खड्ड्यात पाहिलं. नुसती कोरडी धूळ. पाय धुवायला मी तांब्याभर पाणी आणलं, तर बाईंनी पाय लुगड्यात ओढून घेतले.

"राहू दे वं," त्या म्हणाल्या. "आपोआप वाळन."