पोळ्याले येतो

वर्धा जिल्ह्यात आजवर जितकी माणसं जन्माला आली, त्यांत एकाच प्रश्नाला जन्मभर एकच उत्तर देणारा माणूस म्हणजे एकटा माझा मावसभाऊ. बाकी तुम्हीआम्ही काय, सकाळी एक बोलतो, जेवण झालं की दुसरं बोलतो, आणि बायकोनं विचारलं की तिसरंच. मी स्वतः वर्ध्याच्या बाजारात कापड विकतो, त्यामुळे या विषयावर मी फार लांबण लावणं बरं दिसणार नाही. पण मावसभावाचं तसं नव्हतं. लहानपणी त्याला कोणी विचारलं, "तुहं गाव कोणतं रे?" की तो म्हणायचा, "आंजी." पुन्हा विचारलं तरी आंजी. गंमत म्हणून दहा जणांनी ओळीनं विचारलं, तरी न चिडता, न हसता, आवाज वर-खाली न करता, आंजी. त्या वयात आम्ही त्याला मठ्ठ समजत होतो. पुढे कळलं की हे शास्त्र आहे आणि मुंबईला त्यासाठी माणसं नेमतात.

आंजीला मावशीचं घर होतं. मावशी लवकर विधवा झाली, पदरात हा एकुलता एक, आणि शेती बटईनं, म्हणजे अर्ध्या वाट्यावर, दिलेली. तो नागपूरला शिकायला गेला तेव्हापासून मावशीच्या जिवाला एकच घोर लागला होता, की हा पोरगा शिकत शिकत इतका लांब जाईल की परत यायची वाट विसरेल. म्हणून तो निघाला की ती दारात उभी राहून विचारायची, "कधी येशीन रे बापू?" आणि तो म्हणायचा, "पोळ्याले." दिवाळी करून निघाला तरी पोळ्याले, होळीला निघाला तरी पोळ्याले. मधे तो तीनदा येऊन जाई ते वेगळं. पण पोळ्याला तो यायचाच यायचा. बैलांच्या शिंगांना रंग लावून होतो न होतो तोच मोटारीतून उतरायचा, आणि मावशी त्या दिवसापुरती तरी सुखानं जेवायची.

त्याच्या तऱ्हा सांगायला बसलो तर दुकान उघडायचं राहील. एकदा लिहिलेलं पुसायचं नाही, ही पहिली. पाटी त्याला चालत नसे, कारण पाटी पुसतात. तो कोळशानं भिंतीवर गणितं करायचा आणि चुकलेल्या गणिताशेजारी नवं गणित मांडायचा. जुनं तसंच. मावशीनं दिवाळीला भिंत सारवायला घेतली की हा आडवा. "आई, पुसू नको. बाजूले दुसरी भिंत बांध." मावशी हातातला पोतेरा तसाच धरून म्हणायची, "भिंत का तुहा सासरा बांधून देईन?" यावर तो खरोखर विचार करत बसायचा. शेजारच्यांचा एक गोऱ्हा होता. त्याचा बैल झाला, बैलाचा म्हातारा बैल झाला, तरी हा त्याला गोऱ्हाच म्हणायचा. नाव एकदा दिलं की दिलं, हा त्याचा मुद्दा. त्या बैलाला शेवटपर्यंत यात काही वावगं वाटल्याचं दिसलं नाही.

दुसरी तऱ्हा अशी, की कोणी मागितल्याशिवाय तो कोणतंही काम करत नसे. मावशी म्हणाली, "पाणी भरून ठेव," की हा विचारणार, "तहान कोणाले लागली?" कोणालाच नसेल तर हा बसून. पण कोणी ओठ सुकलेत म्हटलं की तत्काळ विहिरीवर जाऊन ताजं पाणी हजर, आणि नेमकं तेवढंच, एक तांब्या. बापरे, त्या तांब्यापायी मावशीनं किती शिव्या घातल्या असतील! नागपूरच्या परीक्षेचा अभ्यासही त्यानं असाच केला. म्हणजे केलाच नाही. प्रश्नपत्रिका हातात पडल्यावर मग तो त्या जागीच सगळं पहिल्यापासून शोधून काढायला बसला. पास झाला, आणि वरच्या वर्गात झाला. मी रात्रंदिवस घोकून नापास झालेला माणूस, मला हे अजून पचलेलं नाही.

मग त्याला मुंबईला एका संस्थेत बोलावणं आलं. तिथे खोलीभर कपाटांएवढं एक गणित करणारं यंत्र उभं करणं चालू होतं. त्याच्या पाठोपाठ वर्षभरात राज्यांची उलथापालथ झाली आणि आमचा अख्खा वर्धा जिल्हा मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला. मावशीचं मत असं पडलं, की पोरगा गेला म्हणून सरकारनं गावही त्याच्याकडे पोचतं केलं. तिची समजूत घालायला कोणी गेलं नाही.

पहिल्या पोळ्याला तो आला तेव्हा सगळी आळी ओसरीवर जमली. त्यानं सांगितलं, की त्या यंत्राला काय करायचं ते सांगण्यासाठी तो एक भाषा तयार करून राहिलाय.

"काऊन? मराठी नाई समजत त्याले?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"त्याले काहीच नाई समजत. म्हणून तं मले ठेवलं."

मग त्यानं चक्कीचं उदाहरण दिलं. चक्कीत ज्वारी टाकली की ज्वारीचं पीठ निघते. आज टाका, उद्या टाका, मी टाकली काय, तुम्ही टाकली काय, ज्वारीचंच पीठ. चक्कीले लहर नाई, चक्कीले नातं नाई. आपली भाषा अशी पाहिजे, की तेच विचारलं तर तेच उत्तर आलं पाहिजे, विचारणारा कोणी असो.

मावशी आतून पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "आन् आधीच्यानं मिरची दळली असली तं?"

हा ताडकन उठला आणि थेट चुलीपाशी गेला. "आई! हेच तं दुखणं हाये! यंत्रात मागच्याची मिरची राहून जाते!" त्याला इतका आनंद झाला की त्यानं पुरणाचं पातेलं लवंडलं. मावशीला आपण काय सांगितलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. पातेलं लवंडलेलं मात्र नीट कळलं.

त्याच्या विद्येची खरी परीक्षा झाली ती आमच्या गावी, रोहण्याला, माझ्या बहिणीच्या लग्नात. वाढप्यांचा गोंधळ पाहून त्यानं पंगत आपल्या हातात घेतली. त्याचं म्हणणं, लांबलचक हुकूम कशाला, एक नियम पुरे: समोरच्या पानावर वाढा, आणि पुढच्या पानावर जाऊन हेच करा. वाढपी आमचे सांगितलेलं मोडणारे नव्हते. झालं असं की मांडव लहान, म्हणून पंगत चारी बाजूंनी चौकोनात बसवली होती आणि शेवटचं पान पहिल्या पानाला लागून आलं होतं. बुंदीवाला एक फेरा करून आला, त्याच्यापुढे पुन्हा पान आलं, त्यानं वाढलं आणि पुढे गेला. त्याच्यामागे वांग्याची भाजी, त्याच्यामागे कढी. आता आमच्याकडची रीत अशी, की वाढपी फिरतो आहे तोवर पंगतीतून उठायचं नाही, आणि पानात पडलेलं टाकायचं नाही. वरपक्ष मोठा रीतीचा निघाला. तो जेवत राहिला. तिसऱ्या फेऱ्याला व्याह्यांनी दोन्ही हात पानावर आडवे धरले, तर वाढप्याला वाटलं, आग्रहाची वाट पाहताहेत. पुढे पुढे व्याही हळूच मागे कलले आणि मांडवाच्या खांबाला टेकून डोळे मिटून घास घेऊ लागले. शेवटी बुंदीच संपली म्हणून पंगत सुटली, नाहीतर माझी बहीण आजही मांडवात असती.

मी त्याला गाठला. म्हटलं, "अबे, हे काय करून ठेवलं?"

तो पंगतीच्या चौकोनाकडे पाहत होता. "थांबायचं कुठी, हे सांगायचं राह्यलं," तो म्हणाला. "मुंबईच्या मशीनले बी मी हेच सांगतलं होतं. ते दोन दिवस थांबलं नाई. साहेबांनी शेवटी बिजली बंद केली." आणि उपाशी वाढप्यांबरोबर शांतपणे जेवायला बसला.

यानंतरच्या वर्षी विलायतेतल्या एका विद्यापीठानं त्याला बोलावलं. तिकडेही काही लोक तसल्याच भाषेच्या मागे लागले होते म्हणे. मुंबईचे त्याचे साहेब त्याला म्हणाले, की असं बोलावणं पुन्हा येत नसतं. हा आंजीला आला, मावशीला सगळं सांगितलं आणि ओसरीवर बसून राहिला. मी योगायोगानं तिथे होतो.

मावशी म्हणाली, "जा ना बापू. मी काय अडवून राह्यली तुले?"

"मी जातो. पण निघताना तू विचारू नको."

"काय विचारू नको?"

"कधी येशीन म्हणून. तू विचारशीन, मी पोळ्याले म्हणीन. आन् जहाजानं दर पोळ्याले येणं होत नाई."

"मंग दुसरं काही सांगजो."

"दुसरं उत्तर नाई माह्यापाशी."

मावशी उठून चुलीकडे जायला निघाली. मग म्हणाली, "पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलाले बी आवतन देतो रे. तुले न विचारता कशी राहू मी?"

दुसऱ्या दिवशी तो निघाला. मावशी दारात आली. तिनं पदर तोंडाशी धरला होता, आणि मला दिसत होतं की ती जिवाच्या कराराने गप्प राहते आहे. तो फाटकापर्यंत गेला. मग मावशीच्या तोंडून ते निघालंच. त्यानं मागे वळून नेहमीच्याच आवाजात उत्तर दिलं, मुंबईला गेला आणि विलायतेला नकार कळवून टाकला. चार लोकांनी त्याला वेड्यात काढलं. मीही काढलं, उगाच खोटं कशाला बोलू.

पुढच्या वर्षी, पोळा होऊन गेला होता आणि कापूस अजून फुटायचा होता, तेव्हा मावशी गेली. तो आला, सगळं केलं, कोणापुढे रडला नाही. भिंतीवरच्या जुन्या गणितांपुढे मात्र उभा राहायचा. ती भिंत शेवटची काही वर्षं मावशीनं सारवलीच नव्हती. विलायतेचं बोलावणं पुन्हा आलं होतं, येत नसतं म्हणतात तरी. आता त्याला अडवणारं कोणी नव्हतं.

मी त्याला वर्ध्याच्या स्टेशनवर पोचवायला गेलो. गाडी लागली, सामान चढवलं, गार्डानं शिट्टी फुंकली, तरी हा डब्याच्या पायरीवर एक पाय ठेवून खालीच. म्हटलं, "अबे, चढ ना." चढेना. माझ्याकडे पाहत राहिला. मला आधी वाटलं काही विसरला. आणि मग एकदम माझ्या ध्यानात आलं की हा कशासाठी थांबला आहे.

"कधी येशीन रे बापू?" मी विचारलं.

"पोळ्याले," तो म्हणाला, आणि चढला.

कोणत्या, ते मी विचारलं नाही. एक पोळा गेला, दुसरा गेला. दोन्ही वेळा मी दुकान बंद करून आंजीला गेलो, कुलूप काढून मावशीची ओसरी झाडली आणि मोटारी पाहत बसलो. लोक हसले. तिसऱ्या पोळ्याला, बैल तोरणाखाली उभे होते तेव्हा, मोटारीतून तो उतरला. अंगावर विलायती कोट, केस पिकायला लागलेले. मी धावत गेलो, आणि आनंद झाला की मी भांडतो, तसा भांडलो. "तुह्या त्या भाषेचं काम टाकून आला? आता कोण हाये तुहं इथं? काऊन आला?"

"तू विचारलं होतं ना," तो म्हणाला.

"आन् नसतं विचारलं तं?"

समोर शेजारच्यांचा तो म्हातारा गोऱ्हा झूल पांघरून उभा होता, त्याच्या पाठीवर त्यानं हात ठेवला.

"कोणी विचारलं तरच उत्तर काढतो मी. तुले मालूम हाये."

तेव्हापासून तो निघाला की मी स्टेशनवर जातो, आणि हातातलं काम कितीही मोठं असो, विचारल्याशिवाय त्याची गाडी सुटू देत नाही.