चंपा हत्तीण आणि अडलेलं ‘व्हय म्हाराजा’

“यंदा आमच्या देवाची पालखी हत्तीवरसून निघतली. येतंस काय गो?” सुषमाचा फोन आला आणि मी तिकीट काढायलाच बसले. सुषमा माझी ऑफिसातली मैत्रीण, माहेर धामापूरच्या अलीकडच्या एका वाडीत. नवरा म्हणाला, जत्रेला चाललीस की सर्कशीला? म्हटलं, तू घरी बस आणि कुकर लाव.

जत्रांच्या दिवसांत कोकण रेल्वेचं तिकीट फार आधी काढा बरं का. सुषमाला आणि मला उशीर झाला होता, म्हणून ठाण्यापासून कणकवलीपर्यंत लोकांच्या डोक्यांमधून डोंगर पाहिले. कणकवलीला चहा, कांदाभजी, मग एसटीने कसालवरून कट्टा, पुढे रिक्षा. रिक्षाचं भाडं बसण्याआधी ठरवा. आमचा रिक्षावाला वाटभर हत्तिणीबद्दलच बोलत होता, अख्ख्या तालुक्यात बातमी झाली होती म्हणे. सुषमाच्या काकीने दारातच घावणे आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं पुढे केलं. खाताना मी कोणाशी बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी घंटा ऐकू आली. सगळी वाडी पाणंदीकडे धावली, मीही. आणि वळणावरून चंपा आली. अहो, फोटोत दिसतो तो हत्ती वेगळा आणि आपल्यापासून हातभर अंतरावर श्वास घेतो तो वेगळा! एवढं प्रचंड शरीर, पण पावलाचा आवाज नाही. कानाच्या कडेला गुलाबी ठिपके, डोळ्यावर लांब पापण्या. तिने सोंड पुढे करून माझा हात हुंगला. गरम, ओलसर हवा तळव्यावर लागली आणि मी चक्क हात जोडले.

मग तिने पाऊल टाकलं आणि मी खाली पाहिलं. पुढचा डावा पाय ती पुरता टेकवतच नव्हती. तळव्याला भेग होती, आत लाल मांस दिसत होतं. माहूत सोमण्णा हळू आवाजात सुषमाला सांगत होता, घाट चालून उतरलोय, डांबर तापतं, काय करणार. उद्या इथून पुढची जत्रा, मग त्यापुढची, मालकाने ठरवून टाकलंय. बोलताना त्याचा हात तिच्या कानामागे फिरत होता. मला त्याचा रागही येईना आणि गप्पही बसवेना.

दुपारी तिला देवळामागच्या तळीत सोडलं. आधी ती काठावर थांबली, मग आत गेली आणि आडवी झाली. सगळी! नुसती सोंड वर. पाण्याखालून एक घुमणारा आवाज आला, तो कानाने ऐकू येण्याआधी माझ्या छातीत वाजला. धुणी धुणाऱ्या बायकांनी हातातली धुणी तशीच ठेवली. काकी तर पदर डोक्यावर घेऊन उभी राहिली, देवळात राहतात तशी. वर यायची वेळ झाली तेव्हा चंपा तो पाय काठावर ठेवायची आणि परत मागे घ्यायची. ते सगळ्यांनी पाहिलं.

संध्याकाळी देवळासमोर गर्दी. खाजा, मालवणी खेळणी, भजी, सगळ्यांची दुकानं लागलेली. (आल्याचा वास येतो तोच खाजा घ्या.) चंपाच्या पाठीवर गादी चढवली होती, शेजारी पालखी तयार. आता गाऱ्हाणं व्हायचं होतं. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे मोठ्याने मांडलेली विनवणी. गावचा मानकरी, गावकर, एकेक मागणं बोलतो आणि जमलेले सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणून होकार देतात. गावकर म्हणजे सुषमाचे बाबलकाका. आवाज असा की पलीकडच्या वाडीत ऐकू जावा.

पोराबाळांसाठी मागितलं, “व्हय म्हाराजा!” भातासाठी, काजूसाठी, मुंबईला गेलेल्यांसाठी, “व्हय म्हाराजा!” मग काकांनी चंपाला ओझं पेलवावं असं मागणं घातलं, “आज ह्या हत्तिणीच्या पाठीर तुझी पालखी ठेवतंव. ता वजा तिका पेलवांदी रे म्हाराजा!”

कोणी बोललं नाही.

काकांना वाटलं ऐकू गेलं नसेल. त्यांनी तेच पुन्हा म्हटलं. ढोलवाले खाली बघत होते, बायका चंपाच्या पायाकडे. ज्या गावाने देवापुढे कधी होकार रोखला नाही, त्याच्या तोंडून एक शब्द निघत नव्हता.

काकांनी डोक्याचं मुंडासं सारखं केलं. आवाज उतरला होता. “चूक झाली, देवा. ही आमच्या दारात इलेली पावणी. पावणीक कोण कामाक लावता? हिच्या पाठीर आजपासून वजा पडूचा नाय. तिचो पाय बरो कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” असा आवाज उठला की देवळावरची कबुतरं उडाली. गादी सोडायला पहिला हात सोमण्णाने लावला. पालखी नेहमीसारखी माणसांच्या खांद्यावरून निघाली आणि चंपा बाजूला केळीचा खुंट चघळत उभी राहिली.

झालं, पण पुढे काय? सकाळी मालकाचा फोन, हत्तीण पुढे पाठवा, नाहीतर बघून घेतो. देवळाच्या कमिटीतले काहीजण चुळबुळले, नसती आफत कशाला म्हणाले. काकांनी फोन घेतला आणि एवढंच बोलले, “देवासमोर बोललंय. आता तिका रस्त्यार धाडलंय तर तोंड खंय दाखवू?” मग त्यांनीच वनखात्याला कळवलं. माणसं आली, कागद पाहिले, तर गावोगाव फिरवायचा परवानाच नव्हता. चंपाला घाटापलीकडच्या हत्तींच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं, ट्रक येईपर्यंत तळीकाठी ठेवायचं. आम्ही परतीचं तिकीट पुढे ढकललं. मधल्या वेळात धामापूरचा तलाव पाहिला, काठावरच्या भगवतीला नमस्कार केला. सुंदर आहे, जरूर जा. पण माझं अर्धं लक्ष आमच्या तळीकडेच होतं. शेवटी ट्रक आला. चंपा फळीवर चढेना, तेव्हा सोमण्णा आधी आत जाऊन बसला. मग ती चढली. तोही तिच्याबरोबरच गेला.

आता घरी येऊन काही महिने झाले. हत्तीवर बसायची हौस कायमची फिटली, न बसताच. तुम्हालाही वाटेत कोणी हत्तीवर बसवतो म्हणालं, तर आधी त्याचे पाय बघा आणि वनखात्याला कळवा.

परवा शिमग्याला सुषमाने गावच्या गाऱ्हाण्याचं रेकॉर्डिंग पाठवलं. पोराबाळं झाली, भात झालं, काजू झाले, मुंबईकर झाले. मग बाबलकाकांचा आवाज, “घाटापलीकडे आपली पावणी आसा, तिचो पाय भरान इलो. तिका हयसारखीच पाण्यात लोळांदी रे म्हाराजा!”

मी भाजी चिरत होते. सुरी खाली ठेवली आणि रिकाम्या स्वयंपाकघरात मोठ्याने म्हणाले, “व्हय म्हाराजा!”